ट्रेलरसाठी मेन्सचा बॅटरी चार्जर कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना मालवाहू ट्रेलर घेऊन त्यात झोपायची, स्वयंपाकाची, दिवा-पंख्याची सोय करून घेणारी माणसं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. कुणी त्यातून कुटुंबासह फिरतं, कुणी नाश्त्याची गाडी चालवतं, कुणी फिरता दवाखाना. सुतारकाम आणि रंग यांवर खूप विचार होतो. विजेच्या कामात बॅटरी आणि सोलर पॅनेलवरही होतो. भिंतीतल्या सॉकेटमधून बॅटरी भरणारा, म्हणजे मेन्सचा, चार्जर मात्र शेवटी, उरलेल्या पैशात घेतला जातो. बॅटरी दोन वर्षं टिकणार की सात, हे बरंचसं त्या चार्जरवर ठरतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

हिशेब समजावा म्हणून एकच उदाहरण सगळीकडे घेतलं आहे: १२ व्होल्टची यंत्रणा, एलईडी दिवे, एक बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा, पाण्याचा छोटा पंप, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज आणि मोबाईल. रोजचा खर्च ६० अ‍ॅम्पियर-तास (एक अ‍ॅम्पियर तासभर वापरला की एक अ‍ॅम्पियर-तास). बॅटरी दोनपैकी एक: १५० अ‍ॅम्पियर-तासाची ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी पाण्याची लेड-अ‍ॅसिड, किंवा १०० अ‍ॅम्पियर-तासाची लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट.

छतावर सोलर आहे. मग मेन्सचा चार्जर लागतो कशाला?

जून ते सप्टेंबर कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहून पाहा. सलग चार-पाच दिवस ढग असले की पॅनेल नावाला उरतं, आणि फ्रिज तर चालूच असतो. उन्हाळ्यातही आपण ट्रेलर झाडाखाली, सावलीत लावतो. तीच सावली पॅनेलवरही पडते.

दुसरं कारण बॅटरीच्या तब्येतीचं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही दिवसांतून एकदा पूर्ण, अगदी शेवटपर्यंत भरावी लागते. रोज ऐंशी टक्क्यांवर थांबली तर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि क्षमता कायमची घटते. शेवटच्या वीस टक्क्यांना सलग काही तास लागतात. संध्याकाळी मावळणाऱ्या उन्हापेक्षा ते मेन्सवर सहज मिळतात.

आधी चार्जर घ्यावा की बॅटरी?

बॅटरी. तिचा प्रकार आणि क्षमता ठरल्याशिवाय चार्जरच्या दुकानात जाऊ नका. चार्जर बॅटरीसाठी असतो, बॅटरी चार्जरसाठी नाही. 'आत्ता ट्युब्युलर घेतो, पुढच्या वर्षी लिथियम टाकतो' असा बेत असेल तर दोन्ही प्रकार निवडता येतील असा चार्जर घ्या, आणि ती निवड बटणाने किंवा अ‍ॅपवरून तुम्हाला स्वतःला करता येते का, हे विचारून घ्या.

किती अ‍ॅम्पियरचा चार्जर घ्यावा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो: तुम्हाला सॉकेट दिवसातून किती तास मिळणार?

रोज रात्री होमस्टेच्या अंगणात मुक्काम असेल आणि दहा तास वीज मिळणार असेल, तर लहान चार्जर पुरतो. दुपारी ढाब्यावर दोन तास थांबून तेवढ्यात बॅटरी भरायची असेल, तर गणित पूर्ण बदलतं. बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो. ते बॅटरीचा आकडा सांगतात आणि चार्जरचा आकडा मागतात.

आता बॅटरीची बाजू. पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीला तिच्या क्षमतेच्या साधारण १० ते १५ टक्के करंट मानवतो. १५० च्या बॅटरीला म्हणजे १५ ते २२ अ‍ॅम्पियर. एजीएम बॅटरी (पाणी घालायला न लागणारी, बंद लेड-अ‍ॅसिड) २० टक्के आणि त्याहून थोडा जास्तही घेते. लिथियमला २० ते ५० टक्के चालतो, म्हणजे १०० च्या बॅटरीला २० ते ५० अ‍ॅम्पियर. अंतिम आकडा मात्र बॅटरीच्या माहितीपत्रकातला. त्यात 'कमाल चार्जिंग करंट' लिहिलेला असतो. तो ओलांडायचा नाही.

यात चालू भारही मिळवायचा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना चार-पाच अ‍ॅम्पियर घेतो, पंखा दोन घेतो. १५ अ‍ॅम्पियरच्या चार्जरमधले सहा-सात तिकडेच गेले तर बॅटरीला उरतात आठ-नऊ. म्हणून आमच्या उदाहरणातल्या ट्युब्युलरला मी २० अ‍ॅम्पियरचा आणि लिथियमला ३० अ‍ॅम्पियरचा चार्जर सुचवीन.

मोठा चार्जर घेतला तर बॅटरी निम्म्या वेळात भरेल ना?

लिथियम बऱ्याच अंशी हो, लेड-अ‍ॅसिड नाही. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण पैसे वाया जातात ते याच ठिकाणी.

ट्युब्युलरमधून ६० अ‍ॅम्पियर-तास काढले की ती ६० टक्क्यांवर येते. तिथून ८० टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत ती दिलेला करंट निमूट घेते. १५ अ‍ॅम्पियरने त्याला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागेल, ३० ने एक तासाहून थोडा जास्त. त्यानंतर बॅटरीच करंट कमी कमी घेऊ लागते. चार्जर कितीही ताकदीचा असो, व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरून वाट पाहण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. शेवटचा हा टप्पा चार-पाच तास खातोच. म्हणजे दुप्पट अ‍ॅम्पियरचे पैसे देऊन वाचतो एखादा तास, आणि ३० अ‍ॅम्पियर त्या ट्युब्युलरला मुळात जास्तच आहेत. प्लेटा तापतात आणि पाणी उडतं.

लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते. ६० अ‍ॅम्पियर-तास ३० च्या चार्जरने दोन तासांहून थोड्या अधिक वेळात परत जातात. ढाब्यावरच्या दोन तासांत बॅटरी भरायची असेल तर मोठा चार्जर नव्हे, लिथियम हे उत्तर आहे.

बल्क, अ‍ॅब्सॉर्प्शन, फ्लोट म्हणजे काय? किती व्होल्ट असावेत?

बल्क म्हणजे पूर्ण करंट देण्याचा टप्पा. यात व्होल्टेज हळूहळू चढतं. अ‍ॅब्सॉर्प्शनमध्ये व्होल्टेज एका पातळीला धरलेलं असतं आणि करंट उतरत जातो. फ्लोट म्हणजे बॅटरी भरल्यावर ती तशीच भरलेली ठेवण्यापुरतं कमी व्होल्टेज.

१२ व्होल्टच्या पाणी घालायच्या बॅटरीला अ‍ॅब्सॉर्प्शन १४.४ ते १४.८, एजीएमला १४.४ ते १४.७, जेलला (हीही बंद लेड-अ‍ॅसिडच) १४.१ ते १४.४. फ्लोट तिघींचा १३.५ ते १३.८ च्या दरम्यान. लिथियमला १४.२ ते १४.४ पुरतात. १४.६ ही वरची मर्यादा, रोज तिथवर जायची गरज नाही.

हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात २५ अंश कुठून आणणार? लेड-अ‍ॅसिड बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेज द्यावं लागतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येक अंशामागे साधारण १८ मिलिव्होल्ट. बॅटरी ४० अंशांवर असेल तर १५ गुणिले १८, म्हणजे पाव व्होल्टाहून जास्त फरक. तो न केल्यास उन्हाळाभर बॅटरी जादा भरली जाते, पाणी झपाट्याने आटतं. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी तापमान मोजणारा सेन्सर असलेला चार्जरच घ्यावा, आणि सेन्सर बॅटरीला चिकटवलेला असावा. लिथियमला ही तापमानानुसारची दुरुस्ती नको असते. तिथे ती बंद करायची.

लिथियमसाठी वेगळा चार्जर घ्यावाच लागतो का?

चार्जरवर 'लिथियम' छापलेलं असणं महत्त्वाचं नाही, तो काय करतो ते महत्त्वाचं. १४.४ वर भरून १३.५-१३.६ वर उतरणारा साधा एजीएम चार्जर लिथियमला सहसा चालतो. चालत नाहीत ते दोन प्रकार. पहिला, अधूनमधून आपोआप १५.५-१६ व्होल्टपर्यंत जाणारा. 'डिसल्फेशन', 'रीकंडिशन', 'इक्वलाइज' अशी नावं असलेली ही सोय लेड-अ‍ॅसिडसाठी असते. लिथियमवर ती चालली तर बॅटरीच्या आतलं बीएमएस, म्हणजे तिचं रक्षण करणारं सर्किट, झटक्यात जोडणी तोडतं. दुसरा, अ‍ॅब्सॉर्प्शनवरून कधीच खाली न उतरणारा.

आणखी एक बाब दुकानदार क्वचित सांगतात. लिथियम बॅटरी फार उतरली की बीएमएस तिला बंद करतं आणि टर्मिनलवर शून्य किंवा अगदी कमी व्होल्ट दिसतात. बरेच चार्जर अशा वेळी 'बॅटरीच नाही' असं समजून सुरूच होत नाहीत. झोपलेल्या बीएमएसला उठवण्याची सोय चार्जरमध्ये आहे का, हे विचारा.

शून्य अंशाखाली लिथियम भरायची नसते. महाराष्ट्रात हा प्रश्न येत नाही. ट्रेलर घेऊन हिवाळ्यात स्पिती-लडाखला जाणार असाल तर येतो, आणि तेव्हा कमी तापमानात चार्जिंग थांबवणारं बीएमएस हवंच.

घरचा इन्व्हर्टर पडून आहे. त्यातही चार्जर असतोच. तोच बसवला तर?

आपल्याकडे हा विचार येणं अगदी साहजिक आहे. लोडशेडिंगमुळे घरोघरी इन्व्हर्टर आले आणि प्रत्येक गावात ते दुरुस्त करणारा माणूस सापडतो. हा मोठा फायदा आहे. ट्रेलर नाश्त्याच्या गाडीसारखा बहुतेक वेळ एकाच जागी उभा असेल, मिक्सरसारखी २३० व्होल्टची उपकरणं लागत असतील आणि बॅटरी ट्युब्युलरच असेल, तर इन्व्हर्टर वापरायला माझी हरकत नाही. साइन वेव्हचा असावा आणि त्याच्या मागचं बटण 'ट्युब्युलर'वर असावं, एवढं पाहा.

फिरत्या ट्रेलरमध्ये मात्र अडचणी आहेत. जुन्या पद्धतीच्या इन्व्हर्टरमधला ट्रान्सफॉर्मर जड असतो. १५० ची ट्युब्युलर बॅटरी अ‍ॅसिडसकट ५५-६० किलोंच्या घरात जाते. वजन आणि हादरे दोन्ही वाढतात, आणि घाटातल्या वळणांवर अ‍ॅसिड सांडायची भीती वेगळीच. त्याच क्षमतेचं काम करणारी १०० ची लिथियम ११ ते १३ किलोंची असते. शिवाय इन्व्हर्टर सुरू ठेवला की काहीही न चालवता तो स्वतःसाठी बॅटरीतून वीज घेत राहतो. दिवसभरात तो फ्रिजच्या खर्चाशी स्पर्धा करू शकतो. आणि बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमधला चार्जर फक्त लेड-अ‍ॅसिडचा विचार करून बनवलेला असतो.

वेगळा इन्व्हर्टर आणि वेगळा चार्जर बसवलात तर एक चूक टाळा. चार्जरचं सॉकेट इन्व्हर्टरच्या आउटपुटवर येता कामा नये. तसं झालं तर बॅटरी इन्व्हर्टरमार्फत स्वतःलाच भरू पाहते आणि काही तासांत रिकामी होते. चार्जरची लाइन बाहेरून येणाऱ्या मेन्सवरूनच, मेन्स की इन्व्हर्टर हे बदलणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या अलीकडून काढायची.

गॅरेजमध्ये मिळतो तो काट्याचा (सुईचा मीटर असलेला) चार्जर कसा?

ट्रक-ट्रॅक्टरची बॅटरी एका रात्रीत चालू करायला तो ठीक. देखरेखीशिवाय ट्रेलरमध्ये कायम बसवायला नाही. त्यात ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असतात, व्होल्टेजवर नियंत्रण नसतं. मेन्स वाढला की त्याचं आउटपुटही वाढतं. बॅटरी भरली तरी तो थांबत नाही. लिथियमला तर त्याच्या जवळही नेऊ नका.

गावाकडे व्होल्टेज कधी १७०, कधी २६०. चार्जर टिकेल का?

टिकेल, योग्य घेतलात तर. चार्जरच्या पाटीवर 'इनपुट' लिहिलेलं असतं, तिथला पट्टा वाचा. '२२०-२४०' लिहिलेला चार्जर शहरातल्या चांगल्या पुरवठ्यासाठी आहे. '१८०-२६५' आपल्या बहुतेक ठिकाणी चालतो. '९०-२६५' लिहिलेला मिळाला तर उत्तम, तो संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे मंदावले तरी भरत राहतो. चांगल्या एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या) चार्जरला स्टॅबिलायझर लागत नाही. खरा धोका असतो न्यूट्रल तुटण्याचा. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या सॉकेटवर व्होल्टेज तीनशेच्या पार, चारशेच्या दिशेने जाऊ शकतं. त्यासाठी ट्रेलरच्या मेन स्विचजवळ जादा आणि कमी व्होल्टेजला तोडणारं, स्विचच्या पेटीतल्या पट्टीवर (डीआयएन रेलवर) बसणारं छोटं उपकरण मिळतं. व्होल्टेज ठीक झालं की काही वेळाने ते आपोआप पुन्हा जोडतं. ते बसवाच.

शेतात मुक्काम असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शेतीपंपाच्या जोडणीवरून ट्रेलरला वीज घेणं नियमात बसत नाही. ज्या कामासाठी जोडणी मंजूर आहे त्याखेरीज वापर केला तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो, आणि भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. ज्याने प्रेमाने जागा दिली त्याला अडचणीत आणू नका. घराच्या मीटरवरची वीज मागा आणि तिचे पैसे द्या.

साध्या ६ अ‍ॅम्पियरच्या सॉकेटवर चार्जर चालेल का?

चालेल. ३० अ‍ॅम्पियरचा चार्जर १४.४ व्होल्टला ४३२ वॅट देतो. स्वतःचा तोटा धरून मेन्समधून साधारण ५०० वॅट घेतो. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा वाटा) सुधारण्याची सोय नसेल तरी तीन-साडेतीन अ‍ॅम्पियर. पण त्याच सॉकेटवर इंडक्शन शेगडी किंवा गिझर लावायचा नाही.

एक्स्टेन्शन वायर तीन कोअरची, तांब्याची, २० मीटरपेक्षा लांब असेल तर २.५ चौरस मिलिमीटरची. रिळावरची वायर वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

छोट्या जनरेटरवर चार्जर का बंद पडतो?

कारण जनरेटर व्होल्ट-अ‍ॅम्पियरमध्ये (व्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पियर) थकतो, वॅटमध्ये नाही. वरचाच ५०० वॅटचा चार्जर, पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर साधारण ७७० व्हीए मागतो. एक केव्हीएच्या (हजार व्हीएच्या) जनरेटरला सतत तेवढं देणं काठावरचं आहे. करंट कमी करायची सोय असलेला चार्जर घेतला की प्रश्न सुटतो. पॉवर फॅक्टर सुधारणारा घेतला तर आणखी बरं.

अर्थिंगचं एवढं काय? बारा व्होल्टच तर आहे.

बॅटरीच्या बाजूला बारा. चार्जरच्या दुसऱ्या बाजूला २३० व्होल्ट आहेत, लोखंडी सांगाड्यावर उभ्या असलेल्या, रबरी टायरांनी जमिनीपासून तुटलेल्या खोलीत. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी हे उत्तर वाचा.

घराची भिंत जमिनीला टेकलेली असते. ट्रेलरचा सांगाडा टायरांवर तरंगतो. त्याच्यावर फेज आला तर फ्यूज उडत नाही, दिवा विझत नाही, आत बसलेल्याला काही कळत नाही. कळतं ते पावसाने भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला. बहुतेक वेळा ते लहान मूल असतं, कारण अनवाणी पळणारी तीच असतात.

म्हणून तीन गोष्टी. सांगाडा सॉकेटच्या अर्थ पिनला जाड हिरव्या वायरने जोडलेला असावा. मेन्स आत येते तिथे ३० मिलिअ‍ॅम्पियरचा दोन पोलचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, आणि जमल्यास तसाच एक बाहेरच्या वायरीच्या सॉकेटकडच्या टोकाला, म्हणजे मधली वायर सोलली गेली तरी संरक्षण राहतं. बॅटरीचा निगेटिव्ह सांगाड्याला एकाच ठिकाणी जोडलेला असावा.

आता सॉकेटचं. सॉकेटला तीन भोकं दिसतात म्हणून तिसऱ्यात अर्थ आहेच असं नाही. मल्टिमीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थमध्ये १०० च्या आसपास काहीतरी अर्धवट आकडा आला तर अर्थ तुटलेला आहे. चार्जर लावल्यावर ट्रेलरच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या येत असतील तर तेही अर्थ नसल्याचं लक्षण. चार्जरमधल्या फिल्टरमुळे अर्थहीन सांगाड्यावर साधारण निम्मा मेन्स तरंगतो. 'चार्जर खराब आहे' म्हणून तो बदलू नका, सॉकेट बदला.

सगळ्यात घातक प्रकार वेगळाच आहे. काही ठिकाणी वायरमनने अर्थ नसल्यामुळे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असतात. नंतर कधीतरी मागच्या बाजूला फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते, आणि अर्थ पिनमधून थेट फेज तुमच्या सांगाड्यावर येतो. ट्रेलरमधला आरसीसीबी इथे वाचवू शकत नाही, कारण अर्थची वायर त्याच्यातून जातच नाही. प्लग लावण्यापूर्वी अर्थ पिनला टेस्टर लावा. तो पेटला तर ते सॉकेट सोडून द्या, यजमान कितीही म्हणो की 'आमच्याकडे असंच चालतं'. आणि त्यांनाही सांगा, कारण त्यांचा फ्रिज त्याच अर्थवर आहे.

अर्थची खात्री नसलेल्या जागी वारंवार राहत असाल तर परवानाधारक वायरमनकडून स्वतःच्या अर्थ रॉडची व्यवस्था करून घ्या. ओल्या जमिनीत ठोकलेला रॉड ३० मिलिअ‍ॅम्पियरच्या आरसीसीबीला काम करण्याइतका मार्ग सहज देतो. अशा वेळी सॉकेटकडच्या अर्थशी संबंध ठेवायचा नाही. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणात वीज-पाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. असे पार्क गावोगावी होईपर्यंत मल्टिमीटर जवळ बाळगणं हाच उपाय.

चार्जर ते बॅटरी वायर किती जाडीची?

शक्य तितकी आखूड, आणि वाटते त्यापेक्षा जाड. ३० अ‍ॅम्पियर, एका बाजूचं अंतर तीन मीटर, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर: जाऊन-येऊन अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. चार्जर १४.४ देतो, बॅटरीला १३.९ पोचतात, आणि ती कधीच वेळेत भरत नाही. तेच अंतर एक मीटर आणि वायर १० ची केली तर तोटा ०.१ व्होल्टवर येतो. म्हणून चार्जर बॅटरीशेजारी ठेवा आणि २३० ची वायर लांब करा.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात, ३० च्या चार्जरला ४० अ‍ॅम्पियरचा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो आणि शॉर्ट झाला तर करंट बॅटरीकडून येतो, म्हणून तो बॅटरीकडच्या टोकाला. लग (वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे कान) नीट क्रिम्प करून, म्हणजे खास हत्याराने दाबून, घ्या. पकडीने दाबलेले लग खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल होतात आणि सैल जोड तापतो.

चार्जर ट्रेलरमध्ये कुठे बसवावा?

हवा खेळेल अशा जागी, उभा, पंख्यासमोर चार बोटं मोकळी ठेवून. बरेच चार्जर ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात, पुढे स्वतःच कमी करतात. उन्हात बंद ट्रेलरमधली पलंगाखालची पेटी ५० च्या वर जाते. चार्जरवरचा 'आयपी' आकडा तो धूळ-पाणी किती अडवतो ते सांगतो. आयपी२२ म्हणजे थेंब झेलेल इतपतच, तो आत बसवायचा. बाहेरच्या पेटीत ठेवायचा असेल तर आयपी६५ किंवा आयपी६७, पंखा नसलेला.

पाण्याची ट्युब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. ती झोपायच्या जागेत नको. बाहेरच्या, वर-खाली झरोके असलेल्या पेटीत ठेवा, आणि चार्जर तिच्या थेट वर नको. अ‍ॅसिडची वाफ सर्किट खाते.

चार्जिंग चालू असताना दिवे-पंखे वापरले तर चालतं का?

चालतं. फक्त काही चार्जर 'करंट शून्याजवळ आला म्हणजे बॅटरी भरली' असं ठरवतात. फ्रिज सतत चार अ‍ॅम्पियर ओढत राहिला की त्यांना ते कळत नाही आणि ते तासन्‌तास अ‍ॅब्सॉर्प्शनमध्ये अडकतात. अ‍ॅब्सॉर्प्शनला वेळेची मर्यादा असलेला चार्जर घ्या.

सोलर आणि मेन्स एकाच वेळी जोडलेले चालतील?

हो. दोघांच्या व्होल्टेजच्या सेटिंग सारख्या ठेवा. दोन्हींचा मिळून करंट बॅटरीच्या कमाल मर्यादेत आहे ना, तेवढं पाहा.

ओढणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरवरून भरलं तर मेन्सचा चार्जर टाळता येईल?

पूर्ण नाही. मागच्या दिव्यांसाठीच्या सात पिनच्या बारीक वायरीतून फारसं काही पोचत नाही, आणि नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त होतं. स्वतंत्र जाड वायर आणि डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या कमी-जास्त व्होल्टेजवरून बॅटरीला ठरावीक व्होल्टेज देणारा) बसवला तर प्रवासात चांगली भर पडते. उभ्या ट्रेलरचा प्रश्न तसाच राहतो.

भाऊ अमेरिकेतून आरव्हीचा (तिकडच्या राहण्याच्या गाडीचा) चार्जर आणतोय. घेऊ का?

पाटी वाचल्याशिवाय नको. तिकडच्या आरव्हीमध्ये बसणारे बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० वर ते लावताक्षणी जळतील. ट्रान्सफॉर्मर जोडून चालवता येतात, पण वजन वाढतं आणि खर्चही. ब्रिटन-युरोपातला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा चार्जर चालेल, प्लग तेवढा बदलावा लागेल. व्हिक्ट्रॉन, सीटेक, मीन वेल यांसारख्या कंपन्यांचे चार्जर इथे खरेदी करता येतात. वॉरंटीसाठी इथलं बिल असलेलं बरं.

नवा चार्जर नीट चालतो की नाही, हे घरी कसं तपासायचं?

थोड्या उतरलेल्या बॅटरीवर लावा आणि मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा, चार्जरवर नाही. व्होल्टेज हळूहळू चढत १४.४ च्या आसपास थांबायला हवं, तिथे काही तास राहून १३.५-१३.८ वर उतरायला हवं. १५ च्या वर चढत राहिलं तर लगेच काढा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर सुरुवातीचा करंट पाहा. '३० अ‍ॅम्पियर' लिहिलेले काही स्वस्त चार्जर त्याच्या निम्मेही देत नाहीत. वजनही बोलतं: हातात पोकळ, हलका लागणारा मोठ्या अ‍ॅम्पियरचा डबा पाहिला की मी तो परत ठेवतो.

विश्रांतीतली लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.७ दाखवते, निम्मी असेल तर १२.२. लिथियममध्ये हा ठोकताळा चालत नाही. ती बराच काळ १३.० ते १३.३ वरच राहते. तिच्यासाठी शंट असलेला, म्हणजे आत-बाहेर जाणारा करंट मोजत राहणारा, मीटर लावा.

पावसाळाभर ट्रेलर उभा राहणार आहे. चार्जर चालू ठेवू?

लेड-अ‍ॅसिड असेल आणि चार्जर फ्लोटवर नीट उतरत असेल तर ठेवा. महिन्यातून एकदा पाणी पाहा, लागेल तेव्हा डिस्टिल्ड वॉटरच घाला. वीज नसेल तर पूर्ण भरून निगेटिव्ह काढा आणि महिन्याभराने पुन्हा भरा. लिथियम उलट: निम्म्यावर आणून सगळे भार तोडा आणि चार्जरही बंद. वादळी पावसात कोणतीही बॅटरी असली तरी बाहेरचा प्लग काढून ठेवा.

ही वायरिंग मी स्वतः केली तर?

बारा व्होल्टची बाजू हात साफ असलेल्याने शिकून करावी. २३० ची बाजू परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोरच दाबून पाहा. ट्रेलरच्या बांधणीत बदल करताना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरीही लागते. ती कागदपत्रं करतानाच वायरिंगचा नकाशा काढा आणि त्याची एक प्रत मेन स्विचच्या झाकणाच्या आत चिकटवा. रस्त्यात कुठे बिघाड झाला तर अनोळखी वायरमनला पहिली गरज त्याचीच पडते.